चिमणीवानी खाणारी पोर

माझी पोटगी मी स्वतः खाऊन मिळवली आहे. हसताय काय, खरंच सांगते!

मी तेव्हा पाच वर्षांची होते. बाप खंडाळ्याला रेल्वेत खलाशी. त्यानं दुसरी बायको केली, तशी आई मला घेऊन तळेगावला माहेरी आली आणि पोटगीसाठी वडगावच्या कोर्टात उभी राहिली. आमचे वकील म्हातारे, पण भलतेच बेरकी.

बाप मॅजिस्ट्रेट साहेबांना म्हणाला, "म्हैन्याला पाच रुपये कशापायी? पोर चिमणीवानी खाती."

वकील लगेच उठले. "साहेब, जेवणाची सुट्टी होतेच आहे. यांनीच हिला जेवू घालावं आणि मग आकडा सांगावा."

साहेबांनी मान डोलावली. बापानं मला समोरच्या खानावळीत नेलं. मी पिठल्याशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग भजी मागितली. मग शेव, मग जिलबी, मग पुन्हा भजी. बाप दर खेपेला विचारायचा, "झालं का गं?" मी म्हणायची, "न्हाई."

कोर्टात परतल्यावर बापानं हातच जोडले. "साहेब, पाच देतो. पर जेवायला हिला आईकडंच ऱ्हाऊ द्या!"

पट्टेवाल्यासकट सगळं कोर्ट हसलं. घरी जाताना आईनं विचारलं, "येवढी भूक लागली व्हती व्हय गं?"

भूक कसली! पोट पहिल्या भाकरीतच भरलं होतं. पण माझं खाणं संपलं असतं, तर बाप उठून गेला असता ना.