शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही

(भर दुपार. स्वयंपाकघर. नवरा-बायको समोरासमोर, मध्ये नाटकाची जुनी वही. बाहेरच्या दाराची कडी खळकन वाजते.)

तो : कोण आलंय?

ती : कुणी नाही रे. वारा असेल.

तो : पान हलत नाहीये बाहेर.

ती : मग उंदीर असेल. विषय बदलू नकोस, वाच पुढे.

तो : वाचतो. आधी सांग, नाटकाच्या दौऱ्याचं काय कळवलंस?

ती : संध्याकाळपर्यंत सांगायचंय.

तो : चार महिने, बाई. पोरगी पाच वर्षांची आहे.

ती : माझी आई येतेय ना राहायला. आणि तू काय पाहुणा आहेस इथला?

तो : मी नाही म्हणत नाही गं. फक्त हो म्हणवत नाही.

ती : वा! हे नाटकात हवं होतं. वाच.

तो : 'या घरात तुला काय कमी आहे?'

ती : 'मी कमी आहे. बाकी सगळं जागच्या जागी आहे.'

तो : 'बाहेर तुला ओळखतं कोण?'

ती : 'आत तरी कोण ओळखतं?' ...आता माझं शेवटचं.

तो : ते नको, घर सोडून जातानाचं. तुम्हा नाटकवाल्यांत तालमीत शेवटचं वाक्य म्हणत नाहीत ना? थेट प्रयोगातच. नाहीतर ते खरं होतं म्हणे.

ती : म्हाताऱ्या नटांची खुळं ती. परवा आरशासमोर म्हणून पाहिलं मी.

तो : आणि?

ती : आणि काय, भाजी करपली.

तो : परवापासूनच ही कडी वाजतेय.

ती : काहीतरीच!

तो : परवापासूनच लेक तुझ्या कुशीत झोपत नाही.

ती : रुसलीय ती. ये गं, चिमणे. अशी दारात का उभी?

लेक : बाबा, कडी काढ ना. माझा हात पुरत नाही.

तो : कुणासाठी, बाळा?

लेक : आईसाठी. कधीची पायरीवर बसलीय.

ती : अगं वेडाबाई, मी ही काय इथे!

लेक : परवा आई आरशाशी बोलली. मग निळ्या चपला घातल्या आणि गेली. मी खिडकीतून टाटा केला.

ती : मी कुठ्ठे गेले नव्हते, सोन्या. भाजी ढवळत होते.

लेक : हो. तू ढवळत होतीस.

तो : निळ्या चपला... काल शोधत होतीस ना तू?

ती : मिळाल्या नाहीत.

तो : हे बघ, तू जा दौऱ्याला. आत्ता कळव. मी सांभाळतो सगळं. फक्त ते दार...

ती : हात सोड. दुखतोय.

(कडी पुन्हा वाजते. या वेळी हळूच.)

लेक : आई म्हणते, एकीने जायचं आणि एकीने राहायचं.

ती : इकडे ये. जवळ ये ना माझ्या.

लेक : आधी सांग. तू त्यातली कुठली?