शिंगवाल्या बेडकाचं भरवणं

हसताय काय? मळवलीच्या बंगल्यावर मी राखणीला होतो, तवा त्या बेडकाची सरबराई तुमी केली असती म्हंजी कळलं असतं! आपल्याकडं भातखाचरात पाय टाकावा तितं बेडूक, आन आमच्या मुंबईच्या सायबानं परदेशातनं बोटीनं काय आणावं, तर बेडूक! डोळ्यांवर शिंगं आन निम्मं अंग नुसतं तोंडच. काचेच्या पेटीत त्याला ओली माती, रोज विहिरीचं ताजं पाणी, आन खायाला जितं गांडूळ.

मी म्हणलं, “सायेब, गांडूळ चिमट्यानं देतो.”

“छे छे, चिमटा लागेल त्याच्या तोंडाला. हातानेच भरव.”

पोटच्या पोरांना मी कदी घास भरवला न्हाई, आन ह्याला भरवायचं!

एका शनवारी सकाळी गांडूळ हातातनं निसटलं, आन बेडकानं माजं बोटच धरलं. काय केल्या सोडंना! बायकोनं तांब्याभर पाणी वतलं तवा कुटं सुटलं. रगात आलं लय.

दुपारी सायेब आले. बोटाला फडकं गुंडाळून मी दारातच हुबा, तर सायेब सरळ पेटीकडं.

“धोंडिबा, आज काय खाल्लं रे याने?”

“मला खाल्लं, सायेब!” म्हणलं आन बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

सायबांचा चेहराच उतरला. मला वाटलं, चला, माणसाची कळकळ हाय म्हणायची.

तर म्हणाले, “अरे, पण हात धुतले होतेस ना?”