दरोड्याला लागणारा पाचवा माणूस

गल्लीत मला सगळे मास्तर म्हणतात. वय बावन्न, धंदा शिंपीकाम, राहणार दुकानाच्या वरची खोली. ठाण्यात आपल्या पायाने येऊन, कुणी शिकवलेलं नसताना सांगतो की,

माझ्या दुकानात कापड बेतायचं मोठं लाकडी टेबल होतं. वडिलांच्या वेळचं. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास धाकटा भाऊ, त्याची बायको आणि तिचे दोन भाऊ दुकानात शिरले. मी गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घेत होतो. चौघांनी टेबलाचा एकेक कोपरा धरला आणि माझ्या डोळ्यांदेखत ते बाहेर काढलं. भावाने स्वतःचं दुकान टाकलं आहे. सबब मी दरोड्याची तक्रार द्यायला आलो.

लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "मास्तर, दरोडा असा उठसूट होत नाही. पाच माणसं लागतात, शिवाय धाक दाखवून नेलं पाहिजे. चौघांचा दरोडा नसतो."

मी म्हणालो, पाच होते. पाचवा कोण, असं विचारल्यावर मी पाणी मागितलं. पाणी पिऊन सांगतो की पाचवी माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर. ती टेबलाच्या पुढे चालत "सरका, सरका, पाय चेंगरतील" असं लोकांना सांगत होती.

धाक कोणी दाखवला, असं विचारलं. भाऊ तर मान वर करत नव्हता. मी दारात आडवा झालो तेव्हा आई म्हणाली, "बाजूला हो, नाहीतर गिऱ्हाइकासमोर कानाखाली वाजवीन." मी बाजूला झालो. घाबरलात का, असं विचारलं. हो, घाबरलो. त्यात लाज कसली?

हवालदार म्हणाले, "मग बसतो की दरोडा. पण आईलाही धरावं लागेल."

मी म्हणालो, तिला वगळा. ते म्हणाले, मग माणसं उरली चार आणि धाकही गेला, म्हणजे साधी चोरी. अहो, भरदिवसा अख्खं टेबल उचलून नेलं, आणि साधी? त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ठरवा काय ते." मी चोरी लिहायला सांगितलं.

आई त्या दिवसापासून भावाकडेच आहे. आज चौथा दिवस. तिला कोणी ओढून नेलं नाही, ती चालत गेली, हे मी पाहिलं आहे. थोरल्याला सोडून धाकट्याकडे राहायला गेलं तर आईवर कुठलं कलम लागतं, असं मी विचारलं. हवालदारांनी पुस्तक न उघडताच कुठलंच नाही म्हणून सांगितलं.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. सगळा माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. एकंदर माणसं चार होती.