तसे आमचे बाबा शांत आहेत

...आणि वर मलाच विचारतात, "डोळ्याला काय झालं?" अहो, काय झालं म्हणजे काय? दार लागलं! माणसाच्या डोळ्याखाली एवढं मोठं वांगं उगवलंय आणि तो म्हणतोय दार लागलं, तर सभ्य माणसानं "अरेरे" म्हणावं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावं की नाही? पण त्या वृद्धाश्रमाच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा वर सरकवला, आधी माझ्या डोळ्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघितलं. फॉर्ममध्ये प्रश्न होता, रुग्ण आक्रमक आहे का? होय, नाही. मी 'नाही'वर खूण केलेली. काय करू? 'होय'वर खूण केली की फॉर्म आतच घेत नाहीत हो! दोन ठिकाणी दारातूनच परत पाठवलं मला. खोटं बोलायची हौस नाही कुणाला.

तुम्हाला सांगतो, तसे आमचे बाबा शांत आहेत. घंटा वाजली नाही तर.

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. आमचे बाबा बॉक्सिंगचे कोच. चाळीस वर्षं पोरांना ठोसे शिकवले. तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरले, मग किल्ल्या, मग घराचा पत्ता, मग आई वारली आहे हे विसरले, आणि दीड वर्षापूर्वी एका सकाळी मला म्हणाले, "आपण कुठल्या क्लबचे?" झालं. संपलो मी! सगळं विसरले हो, पण हात? हात एक अक्षर विसरले नाहीत. वय वर्षं एक्याऐंशी, जिना चढताना धरावं लागतं, पण डावा हात सुटला की कधी लागला ते जमिनीवर पोचल्यावरच कळतं.

आणि त्यांच्या डोक्यात सदा सामना चालू. घंटा वाजली की फेरी सुरू, पुन्हा वाजली की फेरी संपली. संपली की मुकाट्यानं कोपऱ्यात जाऊन स्टुलावर बसतात, तोंड उघडतात, आपण पाणी पाजायचं, टॉवेलनं वारा घालायचा. गरीब मांजरच जणू! म्हणून आम्ही घरातल्या सगळ्या घंटा काढल्या. दारावरची काढली, गजराचं घड्याळ माळ्यावर टाकलं, फोन मुके केले. फक्त एक स्टीलची थाळी आणि डाव स्वयंपाकघरात टांगून ठेवलाय, फेरी संपवायला. तो अधिकार हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा. त्यामुळे बाबांच्या लेखी ही पंच. पंचाला ते कधी हात लावायचे नाहीत, उलट येता-जाता मान लववायचे. आणि मी? मी निळा कोपरा. प्रतिस्पर्धी! ज्याला यांनी जन्म दिला, शाळेत घातलं, तो निळा कोपरा! दोन दाढा आणि एक बरगडी गेली माझी, पण मी चकार शब्द काढला नाही. आपलाच बाप, आपलेच दात.

गेल्या महिन्यात मात्र काय झालं, गॅसवाला आला. बिचाऱ्याला काय माहीत? त्यानं पान्यानं सिलिंडरवर ठण्णकन मारलं. बाबा उठले. मी धावलो, तो चुकला, ही मध्ये पडली... आणि गॅसवाल्याला बसायचा बाबांचा ठोसा हिच्या भुवईवर बसला. ओट्याच्या कडेवर पडली. सहा टाके! रक्त बघून बाबांचा चेहरा असा झाला की काय सांगू तुम्हाला. म्हणाले, "बाईंवर हात कोणी उचलला? दाखव मला तो माणूस." आता काय सांगणार? तुम्हीच उचललात, बाबा, असं सांगू? मी म्हटलं, मी मारलं.

तर तो हा डोळा. तेच ते दार.

टाके घालून घरी आलो. रात्री ही पंखा बघत पडली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी कडेवर डोकं आपटलं तर?" मी रडलो. हो, रडलो, लपवायचंय काय त्यात? बापाला घराबाहेर ठेवायचं, ह्या नुसत्या विचारानं मला आपलाच गळा दाबावासा वाटला.

मग ताईचा फोन. ताई परदेशात, त्यामुळे तिला सगळं कळतं. "हे बघ, घाई करू नकोस हं, मी यादी पाठवते, नीट बघून ये, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का, फरशी घसरते का, खिडकीतून झाड दिसतं का..." सत्तावीस प्रश्न! एकदा येऊन बाबांसमोर तीन मिनिटं उभी राहा म्हणावं, मग झाड विचार.

तरी गेलो. दारातून परत न पाठवता आत घेतलं ते पहिलं होम, म्हणजे वृद्धाश्रम हो, इतकं शांत की माझाच श्वास मला ऐकू येत होता. फरशी चकचकीत, दांडे भक्कम, खिडकीत झाड. सत्तावीसही प्रश्नांना पैकीच्या पैकी. म्हटलं, नशीब उघडलं! आणि मग बघतो तर दिवाणखान्यात सगळी म्हातारी माणसं ओळीनं खुर्च्यांत, आणि प्रत्येकाच्या पोटावर पट्टा. व्यवस्थापक मधाळ आवाजात म्हणाले, "सुरक्षेसाठी हो, पडू नयेत म्हणून." एक आजी नखानं बक्कल खरवडत होत्या. खरवडून खरवडून नख तुटलेलं. त्या व्यवस्थापकांना उचलावं आणि त्यांच्याच खुर्चीत आवळून टाकावं, असं माझ्या मनात आलं. मी असा माणूस नाही हो! भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही मी. पण आलं खरं मनात, आणि मूठ खिशातच ठेवावी लागली.

दुसऱ्या होममध्ये पट्टे नव्हते. तिथले साहेब अभिमानानं म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक खाटेला घंटा!" आणि दाबून दाखवली. तीस खाटा, तीस घंटा... मी हिशोब केला आणि चहा न घेताच पळालो.

तिसरं होम म्हणजे त्या चष्मेवाल्या बाई. मेट्रन. जेमतेम माझ्या खांद्याला लागतील, पण आवाज असा की खुर्चीसुद्धा नीट बसावी. म्हणाल्या, "कागदावर मला माणूस कळत नाही. एक दिवस त्यांना घेऊन या. आम्ही त्यांना बघू, ते आम्हाला बघतील." मी फॉर्मवर 'नाही' लिहून बसलेलो. आता घंटेचं सांगावं तर खोटं उघडं पडणार. विचार केला, इथे कुठे घंटा दिसत नाही, एक दिवस निभावून नेऊ. ही चूक माझी. शंभर टक्के माझी.

सकाळ काय झकास गेली म्हणून सांगू! बाबांनी चहा घेतला. एका आजोबांची हनुवटी खाली ढकलून त्यांना बॉक्सरसारखं उभं राहायला शिकवलं. मदतनीस म्हणून एक तरुण होता, दारात उभा राहिला की उजेड बंद, मी मनात त्याचं नाव कपाट ठेवलं, त्यालाही बाबांनी पोटात दोन बोटं खुपसून व्यायाम सांगितला. मेट्रनबाई लांबून बघत होत्या. मी छाती फुगवून म्हटलं, बघा, तसे आमचे बाबा शांत आहेत.

आणि बारा वाजले. बोळात पितळेची घंटा होती हो, खांबामागे! जेवायला बोलवायची! आणि स्वयंपाकीणबाई ती एकदा वाजवून गप्प बसतील तर शपथ. उत्साही बाई! ठण ठण ठण ठण... अकरा टोले! मी मोजले. म्हणजे पाच फेऱ्या विश्रांतीशिवाय आणि सहावी चालू!

बाबा उठले. सूपची गाडी पहिली गेली. मग कपाटाचं नाक. फटकन आवाज आला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल रेघ. मग मी, बरगडीवर, तीच बरगडी. मग पुन्हा कपाट. हनुवटीवाले आजोबा खुर्चीवरून "हाण, हाण" म्हणत होते. मी थाळी शोधतोय, डाव शोधतोय, हातात आलं काय, तर प्लास्टिकचा पेला! तेवढ्यात कपाटानं बाबांना मागून धरलं. दोन्ही हात पाठीशी पिळून. आणि बाबा ओरडले. माझा बाप ओरडलेला मी जन्मात ऐकला नव्हता. लहान मुलासारखा आवाज होता तो.

पुढचं मला आठवत नाही, तिथल्या लोकांनी सांगितलं ते सांगतो. मी धावत गेलो म्हणे, आणि कपाटाच्या जबड्यावर ठोसा मारला. आयुष्यातला पहिला. कपाट हललंसुद्धा नाही. पण 'कडक्' असा आवाज झाला, आणि तो माझ्या हातातून आला. मी मटकन खाली बसलो. कपाटानं दचकून बाबांना सोडलं.

बाबा माझ्याजवळ आले. वाकले. माझी मूठ हळूच उलगडली.

"अंगठा बाहेर ठेवायचा," म्हणाले. "आत कोंडलास तर मोडणारच. किती वर्षं सांगतोय तुला, गोगलगाय?"

गोगलगाय! लहानपणी तालमीत मी मार खाताना अंग चोरून बसायचो, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. दीड वर्षात माझं कुठलंच नाव त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. मी हंबरडा फोडला. लोकांना वाटलं अंगठा दुखतोय. दुखत होताच हो, पण ते सोडा! बाबांनी टेबलावरचा रुमाल घेऊन अंगठा बांधला, फुंकर घातली, माझ्या डोक्यावर टपली मारली. आणि मग सरळ उभे राहून म्हणाले, "आपण कुठल्या क्लबचे?" गेले परत. मिनिटभर आले होते.

मेट्रनबाईंच्या खोलीत मी सगळं ओकलो. घंटा, थाळी, टाके, दार, सगळं. म्हटलं, आता हाकला. त्यांनी कपाटाला विचारलं. तो नाकात कापूस घालून म्हणाला, "मागून धरायला नको होतं मॅडम, चुकलं माझं. समोरून बोललो असतो तर बसले असते." मग बाई उठल्या, बोळात गेल्या, स्टुलावर चढल्या आणि स्वतःच्या हातानं घंटा उतरवली. स्वयंपाकीणबाईंना म्हणाल्या, "उद्यापासून टाळ्या वाजवा." घंटा काढाल का, हा प्रश्न ताईच्या सत्तावीस प्रश्नांत नव्हता. मला मात्र तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

मग बाईंनी फॉर्म पुढे ओढला. रुग्ण आक्रमक आहे का? मी 'होय' करायला गेलो तर म्हणाल्या, "असू दे 'नाही'. ते कामावर आहेत." तेवढ्यात त्यांनी पान उलटलं, नातेवाइकांच्या रकान्यात स्वतः काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "करा सही." सही कशी करू? उजवा अंगठा सुजून वांग्याएवढा, डोळ्याला जोड! शेवटी डावा अंगठा शाईत बुडवला. ही म्हणते, "सासऱ्यांनी इतकं शिकवलं, शेवटी अंगठेबहाद्दरच निघालात."

आता दर रविवारी जातो. सही केलेल्या अटींप्रमाणे एकच तास, बसूनच, आणि कपाट माझ्या शेजारी उभं. बाबांच्या नाही हो, माझ्या! बाबांची त्याच्याशी गट्टी जमलीय, रोज सकाळी त्याला जॅबचा ठोसा शिकवतात. परवा बाबांनी त्याला विचारलं, हे गृहस्थ कोण? तो म्हणाला, "ह्यांना जरा जपून सर, मारतात हे." बाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आपली खुर्ची हातभर मागे घेतली, आणि पूर्ण तासभर माझ्या हातांवरची नजर हलवली नाही.

तेव्हा तुम्हाला सांगतो, तसे आमचे बाबा शांत आहेत. माझी तेवढी खात्री देता येत नाही, असं लेखी आहे.