बाईंच्या पानाची लिंक

परतूरला माझं नेट कॅफे होतं तेव्हाचं सांगतो. वाघमारे गुरुजींनी त्यांच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांची वेबसाइट माझ्याकडून करून घेतल्ती, त्यात त्यांचं बी एक पान होतं. त्यांची बायको सुमनबाई त्याच शाळेत शिकवायच्या. त्या वारल्यावर गुरुजींनी त्यांच्यावर लिहून आणलं, अन् मी त्याचंही एक पान केलं.

मंग गुरुजी दर आठवड्याला यायचे. म्हणायचे, "बाईंचं नाव टाकून शोध बरं."

मी शोधायचो. वेबसाइटवरचे बाकी शिक्षक आपापल्या नावानं सापडायचे, बाई काही सापडायच्या न्हाईत.

महिनाभरानं गुरुजी हळूच म्हणाले, "माझ्या लिहिण्यात काही कमी राह्यलं का?"

मला फार वाईट वाटलं. मी सगळी पानं तपासली, तेव्हा कळलं. बाईंचं पान मी मागून जोडल्तं, पण दुसऱ्या कुठल्याच पानावर त्याची लिंक दिली नव्हती.

"गुरुजी, चूक माझी हाय. सर्च इंजिन लिंक धरून एका पानावरून दुसऱ्यावर जातं. बाईंच्या पानावर जायला त्याला वाटच न्हाई."

"मंग माझ्या पानावरून दे."

मी लगेच बाईंचं नाव घालून दिली. दोन-तीन आठवड्यांनी बाईंचं नाव टाकलं, तर त्यांचं पान सगळ्यात वर आलं अन् त्याच्या खाली गुरुजींचं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला, अन् बराच वेळ बघत राह्यले.

"बराबर लावलंय त्यानं," ते म्हणाले. "घरात बी तिचंच वर होतं."