एकेचाळीस झाकणं

हॅनलीच्या कोर्टाबाहेर मी माझ्या कुत्र्याचा दंड भरायला बसलो होतो. शेजारच्या बाकावर चिनी मातीच्या कारखान्यातला एनोक आणि त्याच्याकडून चोरीचा माल घेणारी विधवा डोरकस बसले होते.

“मावशी, एकेचाळीस झाकणं कपाटातच सापडली? एकही विकलं नाहीत?”

“किटलीशिवाय नुसतं झाकण कोण घेईल?”

“किटली टोपीखाली मावत नव्हती.”

“मी कुठे तक्रार केली?”

“मग घेत कशाला होतात?”

“दर शनिवारी यायचास. चहा पिईपर्यंत बसायचास.”

“नुसतं ये म्हणाल्या असतात, तरी आलो असतो.”

“मग झाकणं कशाला आणायचास?”

“रिकाम्या हाताने कसा येणार?”

शिपायाने दोघांची नावं पुकारली.

“साहेब,” डोरकसने उठता उठता विचारलं, “तुरुंगात शनिवारी भेटू देतात का?”