भानुदासाची जीप आणि आबांचा डोंगर

बसा मंडळी, टेका पाठी भिंतीला. दिवसभराची दमलेली माणसं आपण. अवघड काही सांगत नाही. एवढंच विचारतो — तयारी मोठी, की निघणं मोठं? बोला की! बरं, ऐका तर.

एक होता भानुदास. गावच्या पाणी योजनेवर पंप चालवायचा. वडील केरबा आबा, एक्याऐंशी वर्षांचे. आबांची इच्छा एकच — डोंगरावरच्या भैरोबाला एकदा डोकं टेकायचं. वाट कशी? नुसते दगड आणि सुटा मुरूम! भानुदासनं जुनी जीप घेतली. म्हणाला, "आबा, गाडी जरा तयार करतो, मग जाऊ."

जरा! अहो, या 'जरा'नं किती जन्म खाल्ले!

दगड खालून लागू नये म्हणून त्यानं गाडीच्या स्प्रिंगचे पाटे उंच केले. स्वतःच्या हातानं, मोबाइलवर बघून! गाडी उंच झाली. आता बारके टायर शोभेनात. मोठे टायर आणले — बायकोला चढायला स्टूल लागायला लागलं! हसताय? तिला विचारा! मोठ्या टायरांनी इंजिनाला ओढवेना. शाफ्टचा जॉइंट खटखट वाजायला लागला. एक दुखणं काढावं, तर दुसरं उभं! तीन वर्षं, मंडळी! ड्यूटीवरून आला, की गाडीखाली. बायको सुलभा म्हणायची, "माप ओलांडायचंच राहिलंय हिचं. सवतच आणलीत!"

आणि आबा ओट्यावरून विचारायचे, "झाली का रं?"

"दहा मिनिटं, आबा!"

भानुदास वाईट नव्हता हो. बापाला अर्धवट गाडीत बसवायची भीती वाटायची त्याला. शेवटी ओढ वाढावी म्हणून मागच्या चाकांचे गिअर बदलले. पुढचे राहिले. "पुढचे-मागचे जुळेपर्यंत चारही चाकं एकदम जोडायची नाहीत," असं स्वतःलाच बजावलं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, आबांचं हृदय थकलंय, शहरात लेकीकडं हलवा. आता कसली तयारी? शहराआधी भैरोबा! निघाले बापलेक डोंगराकडं!

अर्ध्या चढावर मुरूम लागला. गाडी मागं घसरली. घाबरलेल्या भानुदासनं नको तोच दांडा ओढला, चारही चाकांची ओढ लागली — आणि कडाड्! पुढची चाकं म्हणतात पळ, मागची म्हणतात थांब! खाली काहीतरी तुटलंच.

चाकामागं दगड लावून भानुदास पान्हा घेऊन खाली शिरला. "दहा मिनिटं, आबा!"

आबा कसेबसे उतरले. वाकून म्हणाले, "भानू, बाहेर ये. तीन वर्षं तुझे पायच बघतोय मी. तोंड दिसू दे."

"आबा, दीड किलोमीटर चढ आहे! जमायचं नाही!"

"मग खांदा दे."

भानुदासनं पान्हा टाकला. वीस पावलं चालायचं, बसायचं. पुन्हा वीस. आबांचा हात खांद्यावर होता, पण वजनच नव्हतं त्या हाताला! हा माणूस एवढा कधी संपला? आपण कुठं होतो?

पोचले तेव्हा दुपार टळली होती. देवळाला कुलूप! भानुदासला रडू फुटलं. "आबा, दार बंद झालं हो!"

आबांनी पायरीवर डोकं टेकलं. उठेचनात.

"आबा? ...आबा!"

"थांब की रं. आत्ता तर आलोय."

मंडळी, दार बंद होतं. भैरोबा भेटला की नाही? तुम्हीच ठरवा.

आता तुमचं सांगा! पोरीचं लग्न झालं की, पेन्शन लागली की, गुडघे बरे झाले की — मग देवाचं बघू! आणि मी? तीस वर्षं लोकांना 'निघा, निघा' म्हणतोय. माझाच पाय उंबऱ्यात. थकलोय हो. तुम्हीही थकलाय. पण थकलेल्यानं निघू नये असं कुणी सांगितलं? धरा शेजाऱ्याचा हात. हं, अबोला असला तरी धरा! आणि आवाज फुटेल तसा म्हणा — विठ्ठल, विठ्ठल...